ताजमहाल माळ्यावर, ऑर्किड दिवाणखान्यात

"अगं ऐकलंस का? आमच्या ह्यांनी शोकेस रिकामी केली."

मी गच्चीवरून खाली आणलेल्या कुरडया बाजेवर पसरत होते. आमच्या आणि माईंच्या बंगल्यांमधली भिंत चार फुटांची आहे. कोपर टेकवायला अगदी सोयीची, त्यामुळे दोन्हीकडची कामं रोज अर्धा तास उशिरा होतात.

"कुठली शोकेस? लेमन सेटवाली?"

"एकच तर आहे! घर बांधलं तेव्हा सुताराला बसवून करून घेतलेली. लेमन सेट, काचेचा ताजमहाल, कन्याकुमारीचे शंख, नातवाची स्केटिंगची ट्रॉफी, सगळं खोक्यात भरून माळ्यावर. आणि आत काय, तर ऑर्किडं! खाली खडी, वर ट्यूब, बाजूला पंखा. हल्ली पाहुणे आले की मला 'कशा आहात' विचारत नाहीत, आधी शोकेससमोर जाऊन उभे राहतात."

माईंची तक्रार कुठे संपते आणि कौतुक कुठे सुरू होतं, ते शेजारी काही वर्षं काढल्याशिवाय कळत नाही.

"पण एवढा खटाटोप कशाला? ऑर्किड लोक खिडकीतसुद्धा ठेवतात की."

"समोरच्या वहिनींनी ठेवलं होतं ना! मुलीच्या साखरपुड्यात आलेलं. जांभळी फुलं, दोन महिने जशीच्या तशी. मग रोज सकाळी तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी. मुळं कुजली आणि पानं मात्र सुरकुतली. खाली चिखल, वर दुष्काळ! वहिनी म्हणतात नर्सरीवाल्याने फसवलं. तो बिचारा काय करणार? तू या कुरडया काल घातल्यास ना? उद्या डब्यात भरशील. ज्या हवेत कुरडई दोन उन्हांत खडखडीत वाळते, त्या हवेत त्या झाडाने जीव कसा धरायचा?"

एवढ्यात अप्पा मागच्या दाराने बाहेर आले. गळ्यात चष्मा, खिशात मेजरिंग टेप. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण टेप अजून निवृत्त झालेली नाही.

"एप्रिलच्या दुपारी पुण्याची आर्द्रता विशीत उतरते," ते म्हणाले. "या झाडाला हवी साठ-सत्तर टक्के. अख्खं घर दमट करायचं तर भिंतींना बुरशी येईल आणि तुझ्या माई मला बाहेर काढतील. त्यापेक्षा तेवढीच हवा काचेत धरायची."

"कल्पना ह्यांची नाही हं," माई म्हणाल्या.

"मी कुठे म्हटलं? कल्पना लंडनच्या डॉक्टरची."

"झालं, निघाले लंडनला."

पण अप्पा निघाले होतेच. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागातला डॉक्टर. नेच्यांचा भारी शौक, पण कोळशाच्या धुराने त्याच्या अंगणात नेचे जगेनात. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोश बाटलीतल्या ओल्या मातीत ठेवून ती झाकून ठेवली. पतंगाचं राहिलं बाजूला, मातीतून एक नेचा आणि थोडं गवत उगवलं. दिवसा काचेवर वाफ धरायची, तीच खाली उतरून माती ओली करायची, आणि वरून कोणी पाणी न घालता ते चांगलं वाढत होतं. मग त्याने काचेच्या पेट्याच करून घेतल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या रोपं भरून जहाजाने सिडनीला पाठवल्या. कित्येक महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतर रोपं तिकडे जिवंत पोचली. एरवी खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांत जहाजावरची बहुतेक रोपं वाटेतच मरत. १८४२ मध्ये त्याने यावर पुस्तकही लिहिलं.

"चीनमधली चहाची रोपं रॉबर्ट फॉर्च्यूनने अशाच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांत आणली," अप्पा सांगत होते. "कोयनेल ज्याच्या सालीपासून करतात ते सिंकोना निलगिरीत आलं, तेही असंच."

"म्हणजे आपला चहा त्या पेटीतून आला?" मी विचारलं.

"सगळा नाही. आसामचं झुडूप तिथलंच. चिनी वाण मात्र पेटीतून."

"आता शोकेसवर या," माई म्हणाल्या. "तिला कशाची भूक आहे ते बघा. प्लायला सुरी कशी लावलीत ते सांगा."

आणि मग दोघांच्या तोंडून, एकमेकांची वाक्यं तोडत, ती कहाणी बाहेर आली.

शोकेस चार फूट उंच, तीन फूट रुंद आणि जेमतेम एक फूट खोल. समोर सरकत्या काचा. सरकत्या काचा होत्या म्हणूनच अप्पांची नजर तिच्यावर गेली. बाकी सगळं मात्र ओलीला घाबरणारं. साधी प्लाय दमट हवेत फुगते, सनमायका कडेपासून सुटतो. त्यांनी पाठीची प्लाय काढून तिथे स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांना वापरतात ती पीव्हीसीची शीट लावली, आतल्या बाजूंनाही तीच. सांध्यांत सिलिकॉन. वरचं लाकडी छत कापून तिथे पाच मिलिमीटरची काच बसवली.

"सिलिकॉन लावलं त्या दिवशी घरभर व्हिनेगरचा वास," माई म्हणाल्या. "मला वाटलं लोणच्याची बरणी फुटली."

"तो वास पूर्ण जाईपर्यंत रोप आत ठेवायचं नाही," अप्पा म्हणाले. "एक दिवस वाळलं असं वाटतं, मी चांगले तीन-चार दिवस काचा उघड्या ठेवल्या."

आतल्या काचेच्या फळ्या काढून प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या जाळ्या टाकल्या, म्हणजे हवा खालपासून वरपर्यंत फिरते आणि वरच्या कुंडीचं पाणी फळीवर साचत नाही. तळाला ट्रे, ट्रेमध्ये खडी, खडीच्या निम्म्यापर्यंत पाणी. कुंड्या खडीच्या वर, पाण्याला टेकलेल्या नाहीत. पाणी हळूहळू उडतं आणि पेटीतली हवा ओली राहते.

"साचलेलं पाणी म्हणजे डास," मी म्हटलं. "महापालिकेचे लोक आले तर?"

"आलेच होते!" माईंचे डोळे चमकले. "फ्रिजमागचा ट्रे बघितला, कुंड्यांखालच्या ताटल्या बघितल्या आणि मग शोकेसपाशी थांबले. मला धस्स झालं. पण आम्ही शनिवारी कोरडा दिवस पाळतो. ट्रे बाहेर, खडी धुवायची, ट्रे घासायचा, मग नवीन पाणी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्याच्या आत आपण त्याचं घर मोडायचं."

दिव्यांचं अप्पांनी नीट समजावलं. पेटी उन्हाच्या खिडकीत ठेवायची नाही. काचेतून ऊन आत येतं, उष्णता मात्र अडकते, आणि मे महिन्यात तासाभरात पानं शिजतात. म्हणून शोकेस आतल्या भिंतीला आहे तिथेच ठेवली आणि छताच्या काचेवर, म्हणजे पेटीच्या बाहेर, दोन पांढऱ्या एलईडी ट्यूबा लावल्या. टायमरवर रोज बारा तास. उजेड पुरतोय की नाही, ते पानच सांगतं. गडद हिरवं पान म्हणजे उजेड कमी, फूल यायचं नाही. कडेला तांबूस छटा आली तर उजेड जास्त. किंचित पोपटीकडे झुकणारं हिरवं असलं की बरोबर.

"आणि विजेचं?" माझा जीव तिथे अडकला होता. पाणी आणि करंट एका कपाटात म्हटल्यावर.

"वायरमनला बोलावून केलं," अप्पा म्हणाले. "पेटीच्या आत फक्त पाच व्होल्टचा यूएसबीचा छोटा पंखा, जुन्या मोबाइलच्या चार्जरवर चालणारा. चार्जर बाहेर, उंचावर. पंख्याची वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडतो, सॉकेटपर्यंत जात नाही. आणि बोर्डावर ईएलसीबी आहेच, करंट गळला की तो वीज तोडतो."

"पंखा कशाला? तुम्हाला तर ओल हवी होती ना? पंख्याने ती जाईल."

अप्पा भिंतीशी आले. हा त्यांचा खरा विषय होता.

"सगळे इथेच चुकतात. ओल कोंडणं सोपं आहे, गं. झाकण लावलं की झालं. पण ही झाडं रानात राहतात फांदीवर. पाऊस पडतो, मुळं भिजतात, वारा सुटतो आणि दोन तासांत ती कोरडी. ओल आणि वारा ही जोडी आहे. नुसती ओल कोंडलीस तर बुरशी आणि जिवाणू माजतात. पंखा झाडावर रोखलेला नाही, भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. पानं हलायला नकोत, पण हवा कुठे थांबायलाही नको. रात्रंदिवस चालू."

"नाशिकचं सांगा ना," माई म्हणाल्या.

"ते कशाला आता?"

"मी सांगते. भाच्याच्या मुंजीला आम्ही चार दिवस नाशिकला. ह्यांनी काचा गच्च लावल्या, वर पंख्याचा स्विचही बंद केला. का, तर वीज वाया जाईल! परत आलो तर दार उघडताच वास. एका झाडाचं पान पाणी धरल्यासारखं पिवळट तपकिरी, बोट लावलं की मऊ. ते पान कापलं आणि कापल्या जागी लावायला माझ्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनी कुटून घेतली ह्यांनी. दालचिनी! मी बिर्याणीसाठी ठेवलेली."

"पण झाड वाचलं. कापलेली जागा वाळली," अप्पा म्हणाले. "मुळांना मात्र दालचिनी लावायची नाही, ती त्यांना सुकवते."

तेव्हापासून सरकत्या काचा गच्च लावायच्या नाहीत, दोन बोटं उघड्या ठेवायच्या असा नियम आहे. काचेवर पहाटे धुकं धरलं तर हरकत नाही, पण सकाळी दहा वाजले तरी ते उतरलं नसेल तर आणखी एक बोट सरकवायचं. आर्द्रता पन्नासच्या खाली गेली तर एक बोट परत मागे.

"आर्द्रता कळते कशावरून?"

"मीटरवरून. तीन-चारशेत मिळतो. पण त्यावर डोळे झाकून विश्वास नाही ठेवायचा. आधी त्याची परीक्षा घ्यायची." अप्पांनी माईंकडे बघितलं.

"परत माझं स्वयंपाकघर," माई म्हणाल्या. "झाकणात चमचाभर मीठ, त्यावर चार थेंब पाणी, मीठ ओलं व्हायला हवं पण विरघळायला नको. ते झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत घालून बंद करायचं, मीठ मीटरला लागणार नाही असं. रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी काटा पंचाहत्तरवर हवा. आमचा अडुसष्ट दाखवत होता. म्हणजे तो सात कमी सांगतो, एवढं लक्षात ठेवायचं."

"ओल्या मिठाच्या वरची हवा बंद जागेत पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिर राहते," अप्पांनी शास्त्र जोडलं.

मग ते आत गेले आणि एक कुंडी घेऊन आले. पारदर्शक प्लास्टिकची, आत माती नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि थोडं मॉस. मधून जाड मुळं काचेला चिकटावीत तशी भिंतीला लागून फिरलेली, रंग चंदेरी पांढरा.

"हे बघ." त्यांनी स्प्रेची बाटली दोनदा दाबली. मुळावर पाणी पडलं आणि बघता बघता ते चंदेरी मूळ हिरवं झालं. आधी थेंब पडला तिथे ठिपका, मग तो ठिपका पसरत गेला.

"वरचं आवरण मेलेल्या पेशींचं असतं. त्यात हवा भरलेली असते तोवर ते पांढरं दिसतं. पाणी शोषलं की पारदर्शक होतं आणि आतलं हिरवं दिसतं. मूळही पानासारखं उजेड वापरतं, म्हणून कुंडी पारदर्शक. मुळं चंदेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असतील तर हात आवरायचा. आठवड्यातून साधारण एकदा कुंडी दहा मिनिटं पाण्यात बसवायची आणि पूर्ण निथळू द्यायची. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी साचलं तर तिथून कूज सुरू होते."

"पाणीही साधं चालत नाही," माई म्हणाल्या. "बोअरचं पाणी घातलं की पानांवर पांढरे डाग आणि मुळांवर क्षार. म्हणून पावसाचं पाणी पिंपात भरून ठेवतात. ते संपलं की आरओचं. आरओतून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मात्र नाही, त्यात क्षार जास्त. ते मी फरशी पुसायला घेते. म्हणजे फिल्टरचं पाणी झाडाला आणि उरलेलं मला!"

मी म्हटलं, "मग मी आंबोलीहून भाच्याला एक-दोन आमरी, म्हणजे रानातली ऑर्किडं, आणायला सांगते. झाडांवर लोंबत असतात, म्हणे. फुकट."

माईंनी डोळे मोठे केले आणि अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी कुंडी भिंतीवर ठेवली.

"तसं करू नकोस. एक तर जंगलातून रोप उपटून आणणं गुन्हा होऊ शकतो. काही ऑर्किडं, निळा वांडा किंवा स्लिपर ऑर्किड, ही तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या यादीतच आहेत. दुसरं म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या आमरींना ही पेटी नकोच आहे. सीतेची वेणी घे. आठ महिने कोरड्या फांदीवर बसते, उन्हात भाजते आणि पावसाच्या तोंडावर गुलाबी वेण्या सोडते. तिचा सगळा जीव त्या कोरड्या-ओल्याच्या पाळीवर चालतो. तिला बारा महिने सत्तर टक्क्यांत बसवलंस तर ती फुलणार तर नाहीच, कुजेल."

"आसाममध्ये बिहूला बायका केसांत माळतात ती हीच ना?" माईंनी विचारलं.

"हीच. तिथे तिला कपौ फूल म्हणतात, ते त्यांचं राज्यफूल आहे."

"आणि गावाकडे तिला बांडगूळ म्हणून तोडतात," मी म्हटलं. आमच्या आजोळी तसंच व्हायचं.

"बांडगूळ झाडाचा रस शोषतं. आमरी फक्त फांदीवर बसते, खाते काहीच नाही. तिला शेजारधर्म कळतो."

"नर्सरीतली मग वेगळी कशी?"

"ती काचेतच जन्मलेली असतात. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक, आत साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच. रानात ते एका बुरशीच्या मदतीने रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नुडसनने दाखवलं की बाटलीत साखर घातलेल्या अगारवर बुरशीशिवायही ते रुजतं. आता तर उतीसंवर्धनाने लाखो रोपं बाटल्यांत तयार होतात. समोरच्या वहिनींचं फॅलेनॉप्सिस तसंच. त्याला काच नवी नाही. पेटीत तेच ठेवायचं, लहान आकाराचं. नाहीतर मग ज्यूएल ऑर्किड. त्याचं फूल साधंच असतं, पण पानं मखमली आणि त्यांवर शिरांची जर. डेंड्रोबियम आणि वांडा मात्र बाहेर, त्यांना भरपूर ऊन लागतं आणि त्यांची मुळं बंद पेटीत गुदमरतात."

"फुलं येतात का पण पेटीत?"

"आली," माई म्हणाल्या. त्यांचा सूर आता पूर्ण बदलला होता. "डिसेंबरात पुण्याची थंडी लागली ना, रात्री गारठा पडला की दांडा निघतो. तीन-चार आठवडे रात्री थोड्या थंड हव्या. आम्ही त्या दिवसांत रात्री काचा जास्त उघड्या ठेवल्या. जानेवारीत एक दांडा, मार्चपर्यंत फुलं. गळून गेल्यावर ह्यांनी दांडा खालून दोन पेरं सोडून कापला, तिथूनच परत फुटवा आला. बाकी झाडांना दांडा नाही. का, देव जाणे."

"उजेड कमी होता वरच्या जाळीच्या कोपऱ्यात," अप्पा म्हणाले. "आता कुंड्यांची जागा फिरवतो."

"आणि खर्च?" मी हळूच विचारलं.

माईंनी पदर सावरला. "मला सांगितलं दीड हजार. मी कपाटातल्या बिलांचा गठ्ठा काढला. काच, शीट, ट्यूबा, टायमर, पंखा, जाळ्या, सिलिकॉनच्या तीन नळ्या, वायरमनची मजुरी. साडेपाच हजार! वर कुंड्या वेगळ्या. पण एक सांगते, सुताराने नवीन करून दिली असती तर दहा-बारा हजारांच्या खाली आली नसती. जुनी शोकेस होती म्हणून निभावलं."

"मग मीही करते," मी म्हटलं. "आमच्याही हॉलमध्ये सासूबाईंची शोकेस आहे. आतल्या बाहुल्यांकडे कुणी बघत नाही."

"थांब," अप्पा म्हणाले. "शोकेसला हात लावायच्या आधी मीटर घेऊन जा. पंधरा दिवस तुमच्या हॉलमध्ये ठेव आणि सकाळ, दुपार, रात्र आकडा लिहून काढ. तुमच्या घराला मागे विहीर आहे, आंब्याची सावली आहे. कोण जाणे, तुमच्याकडे दुपारीही पंचेचाळीस-पन्नास निघेल. मग पेटी कशाला? खडीचा एक ट्रे आणि खिडकीतला उजेड पुरेल. रत्नागिरीत तुझी बहीण आहे, तिने तर हा उद्योग करूच नये. तिच्याकडे हवाच दमट, तिला फक्त वारा पुरवायचा."

"आणि सासूबाईंना विचार आधी," माई म्हणाल्या. "मी ताजमहालाचं ऐकून घेतलं, त्या बाहुल्यांचं ऐकून घेणार नाहीत."

अप्पांनी खिशातून मीटर काढून भिंतीवर ठेवला. त्यामागे एक चिठ्ठी चिकटवलेली: "अधिक ७."

"नेतेस तर ने," माई म्हणाल्या, "पण पंधरा दिवसांनी परत आण हं. ह्यांचं ड्रिल मशिन कोपऱ्यावरच्या बंगल्यात गणपतीपासून पडलंय. मागायला गेलं की तो म्हणतो, आत्ताच हातात घेतलंय."